एखाद्या भागाचं पोट कशावर चालतं, हे कसं ओळखायचं

कोणत्याही शहरात उतरून ‘इथे काय चालतं?’ असं विचारलं तर उत्तर एका शब्दात येतं. पोलाद. कापड. बंदर. पर्यटन. हे उत्तर खोटं नसतं, पण बऱ्याचदा शिळं असतं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गला लोक आजही पोलादाचं शहर म्हणतात, तिथल्या फुटबॉल संघाचं नावसुद्धा ‘स्टीलर्स’ आहे. पण तिथली बहुतेक पोलाद कारखानदारी १९८०च्या दशकातच आटोपली. पोलाद कंपनीसाठी बांधलेल्या तिथल्या ६४ मजली इमारतीच्या माथ्यावर आता एका रुग्णालय-समूहाची अक्षरं झळकतात, आणि त्या भागात सर्वांत मोठ्या नोकरी देणाऱ्यांत हाच समूह मोडतो.

या विषयात नव्याने शिरणाऱ्यांसाठी, मग ते विद्यार्थी असोत, वार्ताहर असोत की पहिल्यांदाच निवडून आलेले लोकप्रतिनिधी, पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. एकच प्रश्न मात्र शेवटपर्यंत सोडायचा नाही: बाहेरून पैसा कोण आणतं, आणि आत आल्यावर तो किती हातांतून फिरतो?

पहिली पायरी: आधी हद्द ठरवा

सरकारी नकाशावरची सीमा आणि अर्थव्यवहाराची सीमा क्वचितच जुळतात. कारखाना एका तालुक्यात, कामगार दुसऱ्या तालुक्यात आणि त्यांची खरेदी तिसऱ्याच ठिकाणी, असं सर्रास असतं. म्हणून माणसं कामाला कुठून कुठे जातात त्यावरून हद्द आखा. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय असेच विभाग पाडतं. त्यांचा ढोबळ निकष असा, की विभागात राहणाऱ्या कामकऱ्यांपैकी निदान तीन चतुर्थांश तिथेच कामाला असावेत, आणि तिथे काम करणाऱ्यांपैकीही तेवढेच तिथलेच रहिवासी असावेत. मोठ्या विभागांना ही अट थोडी सैल केलेली असते. तुमच्याकडे अशी आकडेवारी नसेल तर पहाटेच्या पहिल्या दोन-तीन बस कुठे भरतात आणि कुठे रिकाम्या होतात ते पाहा. तेवढ्यावर काम भागतं. या पायरीवर आठवडे घालवू नका.

दुसरी पायरी: पैसा आणणारे आणि पैसा फिरवणारे वेगळे करा

इथे वेळ द्या. प्रत्येक भागात दोन प्रकारचे व्यवसाय असतात. काही जण आपला माल किंवा सेवा बाहेरच्यांना विकून पैसा आत आणतात. बाकीचे तोच पैसा आपापसांत फिरवतात. किराणा, केशकर्तन, रिक्षा, घरदुरुस्ती हे दुसऱ्या गटातले. दुसरा गट कमी महत्त्वाचा असं नाही, बहुतेक लोक त्यातच कामाला असतात. पण पहिला गट आटला की काही महिन्यांतच दुसऱ्याची उधारीची वही फुगायला लागते.

नवखा माणूस इथे ठरलेली चूक करतो. पैसा आणणारा म्हटलं की त्याला धुराडंच दिसतं. मीही सुरुवातीला कारखान्यांची यादी करून मोकळा झालो होतो. पैसा आत यायला इतरही बऱ्याच वाटा आहेत. बाहेरगावचे विद्यार्थी खोलीभाडं आणि खानावळीचे पैसे घेऊन येतात. लष्कराची छावणी किंवा राजधानीची कचेरी पगाराच्या रूपाने देशभरचा कर एका जागी ओतते. निवृत्त लोक जिथे राहायला जातात तिथे त्यांची पेन्शन जाते. परदेशी गेलेली मुलं घरी पैसे पाठवतात. नेपाळमध्ये हा ओघ गेली काही वर्षं देशाच्या एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून मोठा राहिला आहे. आणि एकच संस्था दोन्ही गटांत असू शकते. रुग्णालयात गावातलाच पेशंट आला तर पैसा फक्त फिरला. तीनशे किलोमीटरवरून आला तर पैसा आत आला.

आता मोजायचं कसं? यासाठी एक जुनं, सोपं हत्यार आहे. त्याला लोकेशन कोशंट म्हणतात, आपण स्थान-गुणांक म्हणू. समजा तुमच्या भागात २,००,००० लोक कामाला आहेत आणि त्यातले १६,००० कापड धंद्यात आहेत, म्हणजे ८ टक्के. देशभरात कापडात २ टक्के लोक आहेत. ८ भागिले २, गुणांक ४. एकच्या आसपास असेल तर तो धंदा साधारण स्थानिक गरजेपुरता आहे. एकच्या बराच वर असेल तर माल बाहेर जातोय असं धरायला हरकत नाही. याच आकड्यांतून पुढचं पाऊल टाकता येतं. देशाच्या प्रमाणात चाललं असतं तर इथे ४,००० माणसं पुरली असती. उरलेली १२,००० बाहेरच्यांसाठी राबतात.

हा हिशेब करून आनंद झाला की थोडं थांबा, कारण या आकड्याला फसवता येतं. घरी बसून शिवणारे, विणणारे, वळणारे लोक सरकारी नोंदीत बऱ्याचदा नसतातच. जिथे धंदा घरोघरी चालतो तिथे गुणांक हमखास कमी दिसतो. उलट मुख्य कचेरीच्या पत्त्यावर सगळ्या शाखांची माणसं नोंदलेली असली तर तो भलताच फुगतो. शिवाय गुणांक भूतकाळ सांगतो. देशातून एखादा धंदा संपत आला आणि तुमच्याकडे तो शेवटी संपणार असेल, तर मरणाच्या आदल्या वर्षी गुणांक सर्वांत चढा दिसेल.

तिसरी पायरी: हा धंदा इथेच का?

जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये याचं एक उत्तर वजनाच्या भाषेत मांडलं. कच्चा माल तयार होताना वजन गमावत असेल तर कारखाना मालाजवळ जातो. शंभर टन उसातून साधारण दहा-अकरा टन साखर निघते, आणि तोडल्यावर उसातली साखरही घटू लागते. मग ऊस लांब कोण नेईल? शीतपेयं आणि बिअर यांचं उलटं. त्यात मुख्य वजन पाण्याचं, आणि पाणी सगळीकडे मिळतं, म्हणून बाटल्या गिऱ्हाइकाजवळ भरतात. आइसलँडमध्ये बॉक्साइटची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या खनिजाची, खाण नाही, तरी तिथे १९६९ पासून अॅल्युमिनियम गाळतात. कारण एक टन अॅल्युमिनियमला १३ ते १५ हजार युनिट वीज लागते, आणि आइसलँडकडे स्वस्त जलविद्युत आहे. म्हणजे बोटीतून येते ती बॉक्साइटपासून काढलेली अॅल्युमिना पावडर, आणि बाहेर जाते ती, एका अर्थी, घट्ट केलेली वीज.

पण वजनाचं गणित सगळीकडे लागू पडत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावाभोवती गालिच्यांचे कारखाने दाटले आहेत. का? १८९५ मध्ये कॅथरीन एव्हान्स नावाच्या किशोरवयीन मुलीने एका जुन्या पलंगपोसाची नक्कल करताना धाग्यांचे झुपके काढण्याची रीत वापरली. तिचे पलंगपोस विकले जाऊ लागले, शेजारणी शिकल्या, मग यंत्रं आली, आणि तीच रीत गालिच्यांना लागू झाली. दुसऱ्या कुठल्या गावात हे घडलं असतं तर धंदा तिथे वाढला असता.

योगायोगाने आलेला धंदा टिकतो कसा, हे इंग्लंडच्या आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच सांगून ठेवलं आहे. एकाच धंद्याचे लोक एकत्र आले की कसबी कामगाराला चार मालक मिळतात आणि मालकाला चार कामगार. सुट्टे भाग, दुरुस्ती, रंगकाम, पॅकिंग करणारे भोवती जमतात. आणि धंद्यातल्या क्लृप्त्या लपून राहत नाहीत, एकाने केलेली सुधारणा दुसरा पाहतो आणि तीत भर घालतो. इंग्लंडमधल्या शेफिल्डला चाकू-सुऱ्यांचा धंदा बसला तो नद्यांच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकांमुळे आणि धार लावायला जवळ मिळणाऱ्या दगडामुळे. पुढे वाफ आली, पाण्याच्या चाकाची गरज संपली, तरी धंदा तिथेच राहिला. तोवर कारण बदललं होतं. आधी नदी होती, मग माणसं झाली.

म्हणून मुलाखतीत ‘धंदा इथे कसा आला?’ हा प्रश्न विचाराच, पण ‘आज तो इथून का हलत नाही?’ हा त्याहून जास्त वेळा विचारा. पहिल्याचं उत्तर सगळे खुशीत देतात. दुसऱ्याला समोरचा थबकला आणि ‘जागा स्वतःची आहे म्हणून’ एवढंच म्हणाला, तर वहीत खूण करून ठेवा.

चौथी पायरी: गळती शोधा

बाहेरून शंभर आले असं धरा. त्यातले चाळीस इथेच खर्च झाले, बाकीचे बाहेर गळाले, त्या चाळिसातले पुन्हा चाळीस टक्के इथेच, असं चालत राहिलं तर शेवटी मूळ शंभरातून एकूण सुमारे १६७चा व्यवहार होतो. चाळीसऐवजी सत्तर टक्के राहत असतील तर हाच आकडा ३३३ होतो. आलेला पैसा तोच, कारखानाही तोच, पण भागाला लाभ दुप्पट. मूळ पैशाच्या किती पट व्यवहार झाला, त्या पटीला गुणक म्हणतात. नव्या प्रकल्पांच्या कागदांत गुणक मोठा दाखवण्याची हौस असते. दाखवणाऱ्याला एवढंच विचारायचं, की स्थानिक खर्चाचं प्रमाण किती धरलंत आणि कशावरून?

गळतीचा धडा इटलीने महागात शिकवला. दक्षिण इटलीच्या मागास भागासाठी १९५० मध्ये सरकारने खास निधी उभारला. पुढे तारांतोला प्रचंड पोलाद कारखाना आला, सिसिलीत जेला इथे पेट्रोकेमिकलचा. नोकऱ्या मिळाल्या, पण यंत्रं उत्तरेकडून, अभियंते उत्तरेकडून, आणि तयार मालावर पुढची प्रक्रियाही बहुतेक दुसरीकडे. भोवती लहान उद्योगांची जी दाटी व्हायला हवी होती ती फारशी झालीच नाही. इटालियन लोकांनी या प्रकल्पांना ‘वाळवंटातली कॅथेड्रल’, म्हणजे ओसाडीतली भव्य चर्च, असं नाव ठेवलं. त्याच देशात मोदेनाजवळच्या सास्सुओलोत फरशांचे कारखाने आहेत, आणि फरशा भाजण्याची यंत्रं बनवणारेही त्यांच्या शेजारीच वाढले. तिथल्या फरशीची मागणी घटली तरी यंत्रं जगभर विकता येतात.

दरडोई उत्पादनाचा आकडा ही गळती लपवतो. २०१५ मध्ये आयर्लंडचं सकल उत्पादन एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. रस्त्यावरच्या आयरिश माणसाला याचा पत्ताही नव्हता, कारण बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंटसारखे हक्क कागदोपत्री तिथे हलवले होते. पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने असली सूज काढून टाकणारं वेगळं मोजमाप सुरू केलं. तुमच्या भागात मोठी रिफायनरी किंवा वीज केंद्र असेल तर दरडोई उत्पादनाकडे पाहूच नका. घरांचं उत्पन्न पाहा, मजुरीचे दर पाहा.

गळती मोजण्याचं शास्त्रशुद्ध साधन म्हणजे कोणता उद्योग कोणाकडून किती घेतो याचा तक्ता. तो विकसित केल्याबद्दल वासिली लिओन्टिएफ यांना १९७३ चं नोबेल मिळालं. पण एखाद्या जिल्ह्यापुरता तक्ता हातात आला तर तो कसा बनवला ते आधी विचारा. बहुतेक वेळा राष्ट्रीय तक्ता कापून छोटा केलेला असतो, आणि मग त्यात तुमचा कारखाना देशातल्या सरासरी कारखान्यासारखाच वागतो. मला तरी त्यापेक्षा पायपीट बरी वाटते. पाच-सहा कारखाने निवडा, थोडे लहान, थोडे मोठे. कच्चा माल कुठून येतो, यंत्र बिघडलं तर कोणाला बोलावता, जॉबवर्क कोणाला देता, हिशेब कोण तपासतं, कर्ज कुठल्या शाखेचं, मालक राहतो कुठे, कामगार घरी पैसे पाठवतात का, हे विचारा. विक्रीचा आकडा विचारू नका, तोंडं बंद होतील. ‘यंत्र बिघडलं तर?’ या प्रश्नावर मात्र लोक तासभर बोलतात, आणि त्या तासात अर्धी अर्थव्यवस्था कळते.

पाचवी पायरी: निर्णय कुठे होतो

इथे थोडक्यात आवरतो. कारखाना शाखा आहे की मूळ घर, एवढं बघा. जर्मनीतल्या बोखुममधला मोबाइल फोनचा कारखाना नोकियाने २००८ मध्ये बंद करून काम रोमानियात नेलं. रोमानियात जल्लोष झाला. तो कारखानाही बंद करत असल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. याच्या दुसऱ्या टोकाला स्पेनच्या बास्क प्रांतातली मोंड्रागोनची सहकारी मंडळी. १९५६ पासून वाढत गेलेल्या या समूहातली घरगुती उपकरणांची फागोर ही सहकारी संस्था २०१३ मध्ये बुडाली, तेव्हा तिच्या बऱ्याच सभासदांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतलं. बुडणं टळलं नाही, पडणाऱ्याखाली जाळी मात्र होती. पण स्थानिक मालकी म्हणजे अमरपट्टा, असंही समजू नका. फोटोच्या फिल्म बनवणारी कोडॅक ही अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराचीच कंपनी होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या एका शहरात तिचे ६०,००० हून जास्त लोक होते, आणि २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

सहावी पायरी: शहर पडतंय की धंदाच पडतोय?

नोकऱ्या घटल्या की बोंब होते आणि दोष स्थानिक कारभारावर जातो. आधी दोन आकडे शेजारी ठेवा. देशभरात कापडातल्या नोकऱ्या २० टक्के घटल्या आणि तुमच्याकडे ८ टक्के, तर तुमचे लोक वाहत्या पुरात चांगले पोहत आहेत. अडचण पुराची आहे. देशात १० टक्के वाढ आणि तुमच्याकडे शून्य, तर दुखणं घरचं आहे. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत. पहिल्यात लोकांना नव्या कामाकडे वळवावं लागतं. दुसऱ्यात रस्ते, वीज, जमीन, प्रशिक्षण यातलं काय अडलंय ते शोधावं लागतं.

मग एकाच धंद्यावर किती भार आहे ते पाहा. मोटारींच्या धंद्यावर उभ्या असलेल्या अमेरिकेतल्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये ६.४ लाखांच्या आत आली. मधल्या काळात, २०१३ मध्ये, शहराने स्वतःच दिवाळखोरी जाहीर केली. मोटारीखेरीज वंशभेद, उपनगरांकडे पळालेले करदाते अशी इतर कारणंही होती. पण एका धंद्याच्या खुंटीला सगळं टांगलं की सावरायला दुसरी खुंटी उरत नाही.

मला त्याहून बोधक वाटतो तो जर्मनीतला रूर पट्टा. कोळसा आणि पोलाद इथे शंभर वर्षं इतकं जोरात चाललं की बाकी काही उगवायला जागाच राहिली नाही, अगदी शब्दशः. जमिनी खाण आणि पोलाद कंपन्यांच्या ताब्यात होत्या, आणि कामगार पळवणारे नवे उद्योग येऊ नयेत म्हणून त्या जमिनी सोडायला त्या तयार नसत. एवढ्या दाट वस्तीच्या पट्ट्यात आधुनिक काळातलं पहिलं विद्यापीठ बोखुमला १९६५ मध्ये सुरू झालं, म्हणजे १९५८ मध्ये कोळशाचं संकट सुरू झाल्यानंतर. पुरवठादार तेच, संघटना त्याच, शाळेतलं प्रशिक्षणही त्याच धंद्याचं. ज्या घट्ट जाळ्यामुळे धंदा वाढला त्याच जाळ्यात तो अडकला. शेवटची खाण २०१८च्या डिसेंबरात बंद झाली. डॉर्टमुंडमधला एक पोलाद कारखाना तर या शतकाच्या सुरुवातीला सुटा करून चीनला नेला गेला. त्या जागी आता तळं आहे.

खनिजावर चालणाऱ्या भागात आणखी एक आजार आढळतो. १९५९ मध्ये नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनजवळ नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. निर्यातीच्या पैशाने चलन महागलं आणि बाकीच्या कारखान्यांचा माल परदेशात विकेनासा झाला. १९७७ पासून याला ‘डच आजार’ म्हणतात. जिल्ह्याच्या पातळीवर तो मजुरी आणि घरभाड्यातून दिसतो. खाणीत दुप्पट पगार मिळाला की सुतार, वेल्डर, वाहनचालक तिकडे जातात, आणि लहान कारखानदार खाण संपण्याआधीच मिटतो.

सातवी पायरी: नवा प्रकल्प जाहीर झाला की

२०१७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या स्क्रीन कारखान्याची घोषणा झाली. १३,००० नोकऱ्यांचं आश्वासन होतं. २०२१ मध्ये नवा करार झाला, त्यात आकडा १,४५४ वर आला. जमिनी घेऊन आणि रस्ते बांधून मात्र झाले होते. घोषणेच्या दिवशी म्हणूनच तीन गोष्टी मागून घ्या: नोकऱ्या कोणत्या वर्षी किती, आकडा गाठला नाही तर सवलत परत मिळणार का, आणि खरेदीपैकी किती हद्दीतून होणार. ‘प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष रोजगार’ असा एकत्र आकडा दिला असेल तर तो फोडून मागा.

काळाचाही हिशेब ठेवा. तैवानने औद्योगिक संशोधन संस्था १९७३ मध्ये काढली, शिंचूचं विज्ञान उद्यान १९८० मध्ये, आणि चिप बनवणारी टीएसएमसी १९८७ मध्ये उभी राहिली. चौदा वर्षं. एवढ्यात कितीतरी निवडणुका होतात, म्हणून फीत कापता येईल अशा गोष्टींकडे ओढा जास्त असतो. स्पेनमधल्या बिलबाओ शहराचं गुगेनहाइम कलासंग्रहालय १९९७ मध्ये उघडलं आणि जगभरच्या महापौरांना संग्रहालयाचे डोहाळे लागले. बिलबाओने त्याआधी नदी साफ करायला घेतली होती, १९९५ मध्ये मेट्रो सुरू केली होती, बंदर समुद्राकडे हलवायला घेतलं होतं. ते मात्र फोटोत येत नाही.

सुरुवात सोमवारी सकाळी

अहवाल वाचण्याआधी एक आठवडा हिंडा. पाळी बदलताना मोठ्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहा. किती जण चालत येतात, किती सायकलने, किती कंत्राटदाराच्या गाडीतून? नोकरीच्या जाहिरातींत तीन महिने तीच जागा रिकामी दिसत असेल तर ते कसब कोणतं, ते टिपा. भाड्याने द्यायच्या गाळ्यांवर आधीच्या धंद्याची पुसट पाटी असते, तीही वाचा. शेवटचा दिवस हमरस्त्यावरच्या ढाब्यापाशी काढा आणि ट्रक मोजा. भागात शिरणारे भरलेले आणि बाहेर पडणारे रिकामे असतील, तर इथला पैसा कारखान्यातून येत नाही, पगार-पेन्शनसारख्या दुसऱ्याच वाटेने येतो. भरलेला ट्रक ओळखायला ताडपत्री उचलावी लागत नाही, दबलेले टायर सांगतात.